चार दिवसांची नळी, चार वर्षांचा सेल

इंदूरच्या कचरागाडीला सहा कप्पे असतात. ओला, प्लास्टिक, प्लास्टिक सोडून बाकी सुका, सॅनिटरी, ई-कचरा आणि घातक. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहर वर्षामागून वर्ष पहिलं येत राहिलं ते या कप्प्यांच्या सवयीवर. रामबागेतल्या आजीबाईंनाही आता खरकटं कुठे आणि डायपर कुठे हे सांगावं लागत नाही. या गाडीपुढे बोटभर लांबीची, भडक रंगाची एक नळी आणून ठेवा. वापरून संपलेली, फेकून द्यायच्याच हेतूने बनवलेली ई-सिगारेट. तोंडाकडचा भाग प्लास्टिकचा, म्हणून प्लास्टिकचा कप्पा. आत सर्किट, म्हणून ई-कचरा. आत लिथियमचा सेल आहे, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती घातक कचऱ्यात मोजल्या होत्या. निकोटिन मुरलेला बोळा आहे, तोही घातकच. एका वस्तूवर तीन कप्प्यांचा हक्क, आणि ती उघडत नाही म्हणून वाटणी होत नाही. प्रत्यक्षात ती यांपैकी कुठेच विचार करून टाकली जात नाही. चिप्सच्या रिकाम्या पाकिटात खुपसून सुक्या कचऱ्यात जाते, कारण ती कोणाला दिसू द्यायची नसते.

बंदी असूनही ही नळी मिळते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बंदी उठवा असंही मला म्हणायचं नाही. तरुण पोरांच्या हाती निकोटिन देणारी ही वस्तू बाजारात नसावी, यावर माझा वाद नाही. वाद आहे तो आतल्या बॅटरीबद्दल. तिचं काय करायचं हे ना कायद्याने ठरवलं, ना निगमने, म्हणजे इंदूरच्या महापालिकेने.

‘टिकते किती?’ असं घेणारा विचारतो तेव्हा त्याला झुरके मोजून हवे असतात. खोक्यावर ६०० लिहिलेलं असतं. हा आकडा कसा निघतो ते पाहिलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. नळीच्या आत वरून खाली असं असतं: तोंडात धरायचा भाग, त्याखाली साधारण २ मिलिलिटर द्रव शोषून बसलेला स्पंजासारखा बोळा, बोळ्याच्या मधोमध बारीक नळी आणि तिच्यात कापसाच्या वातीभोवती गुंडाळलेली तारेची कॉइल. त्याखाली १३ मिलिमीटर व्यासाचा आणि साडेतीन-चार सेंटिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. तळाला हवेचा सेन्सर, दिसायला थेट कॉलर-माइकमधल्या माइकसारखा. झुरका घेतला की तळातून हवा आत खेचली जाते, सेन्सरचा पडदा हलतो, त्यातली चिप सेलचा प्रवाह कॉइलला जोडते आणि टोकाचा दिवा लागतो. बटण नाही, स्क्रू नाही, बहुतेक नळ्यांना चार्जिंगचं भोकही नाही. दोन तारा डाग देऊन जोडलेल्या आणि कवच दाबून बसवलेलं.

आता हिशेब. सेल ५५० मिलिॲम्पिअर-अवरचा धरू. ३.७ व्होल्टने गुणलं की दोन वॉट-अवर, म्हणजे साधारण ७,३०० ज्यूल. कॉइल ८ वॉट खाते असं धरलं तर दोन सेकंदांच्या झुरक्याला १६ ज्यूल लागतात. भागाकार करा: साडेचारशे झुरके. ६०० हवे असतील तर प्रत्येक झुरका दीड सेकंदाचाच हवा. कंपनीचं यंत्र तसा घेतंही, माणूस घेत नाही. स्वस्त नळ्यांत सेल ३६० चाही निघतो. मग दोन सेकंदांच्या मापाने ३०० वर गाडी थांबते. कट-ऑफच्या वेळी, म्हणजे चिप प्रवाह तोडते तेव्हा, सेलमध्ये उरलेला चार्ज आणि तारांत वाया गेलेली ऊर्जा यात धरलेलीच नाही. दिवसाला शे-सव्वाशे झुरके घेणाऱ्याची नळी तीन ते पाच दिवस चालते, त्याहून जास्त नाही.

ती मरते दोन प्रकारे, आणि कोणत्या प्रकारे मेली हे कचऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. सेल आधी संपला तर झुरका घेताना दिवा भराभर लुकलुकतो आणि धूर येत नाही. अशा वेळी सेल पूर्ण रिकामा नसतो. चिपने ३.२ व्होल्टच्या आसपास हात आखडता घेतलेला असतो, आणि ओझं निघाल्यावर व्होल्टेज पुन्हा थोडं वर चढतं. द्रव आधी संपला तर कोरडी वात जळते, घशाला करपट चटका बसतो आणि दिवा मात्र नेहमीसारखा लागत राहतो. ही दुसरी नळी जास्त धोक्याची. तिच्यातला सेल अर्धा भरलेला असू शकतो, आणि लोक नेमकी तीच वैतागून फेकतात.

सेल हलका असेल अशी समजूत असते. तसं नाही. ८ वॉटसाठी त्याला दोन ॲम्पिअरच्या वर प्रवाह द्यावा लागतो. ३६० च्या सेलसाठी हे सहापट वेगाने रिकामं होणं झालं. कानातल्या इअरबडच्या सेलवर किंवा रेडिओच्या बॅटरीवर असा ताण कधी येत नाही. म्हणून या नळीत घालायला जास्त प्रवाह झेलणारा, बरा दर्जाचा सेलच लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा नळ्यांतले सेल काढून प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा चार्ज केले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले: हे सेल शेकडो वेळा भरता येतात आणि तरी त्यांची क्षमता चांगली राहते. शेकडो वेळा भरता येणारी गोष्ट एकदा रिकामी करून फेकायची, असा हा माल आहे. चार्जिंगची चिप आणि सॉकेट घालायला निर्मात्याला काही रुपये लागले असते, तेवढे वाचवले.

लिथियम किती जातं? दर ॲम्पिअर-अवरला सुमारे ०.३ ग्रॅम हा ठोकताळा. ५५० च्या सेलमध्ये दीड-दोन दशांश ग्रॅम. एका नळीचं हसू येईल इतकं कमी. पण ब्रिटनमध्ये २०२३ साली आठवड्याला सुमारे ५० लाख नळ्या फेकल्या जातात असा अंदाज होता. त्याला ०.१५ ग्रॅमने गुणा, आठवड्याला पाऊण टन लिथियम होतं. कोबाल्ट, तांबं, ॲल्युमिनियम निराळं.

यावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे चार्ज होणारी मोठी नळी. ‘१०,००० झुरके’ वगैरे. जुनाच हिशेब लावून बघा. १६ ज्यूलच्या मापाने १०,००० झुरक्यांना १,६०,००० ज्यूल, म्हणजे ४४ वॉट-अवर. आतला सेल ६५० चा असला तर २.४ वॉट-अवर, म्हणून अठरा वेळा चार्ज करणं आलं. द्रवाचा हिशेब तर त्याहून फसवा: छोट्या नळीत २ मिलिलिटरमध्ये ६०० होत असतील तर १०,००० ला ३३ मिलिलिटर लागतील, आणि नळीत असतात पंधरा-सोळा. खोक्यावरचा आकडा निम्मा समजावा, आणि लांब झुरका घेणाऱ्याने त्याहून कमी.

या मोठ्या नळीत सेल टिकत नाही तो वेगळ्याच कारणाने. स्वस्त चार्जिंग सर्किटांत ४०५६ नावाची आठ पायांची चिप सर्रास वापरतात. चार्जिंगचा प्रवाह तिच्या एका पायाला जोडलेल्या रेझिस्टरवर ठरतो: १.२ किलोओम लावला तर १ ॲम्पिअर, २ किलोओमला ५८० मिलिॲम्पिअर, १० किलोओमला १३०. तयार मिळणाऱ्या पट्ट्यांवर बहुधा १.२ चाच बसवलेला असतो. साडेतीनशेच्या सेलला १ ॲम्पिअर म्हणजे जवळजवळ तिप्पट वेग. त्याच्या तब्येतीला १७५ बरे, त्यासाठी ६.८ किलोओम हवा होता. दोन्ही रेझिस्टर सारख्याच किमतीचे असतात, फक्त बदलायची तसदी कोणी घेत नाही. मग सेल लवकरच फुगायला लागतो. हाच आजार हातपंख्यांत, पट्टी-दिव्यांत आणि स्वस्त ट्रिमरमध्येही दिसतो. दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने वस्तू चार्ज होत नाही आणि जुन्या चपट्या टोकाच्या केबलने होते, हेही असंच. सॉकेटमागे ५.१ किलोओमचे दोन रेझिस्टर लागतात, ते दिसले नाहीत तर टाइप-सी चार्जर वीज सोडतच नाही. दोन रेझिस्टर वाचवणाऱ्याने सेलच्या संरक्षणावर खर्च केला असेल, ही आशा मला तरी नाही.

त्यात आपला मे महिना. लिथियम-कोबाल्ट सेल पूर्ण भरून २५ अंशांना वर्षभर ठेवला तर साधारण पाचवा हिस्सा क्षमता जाते. ४० अंशांना तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. चोरट्या वाटेने आलेला माल महिनोन्‌महिने पत्र्याच्या गोदामात, ट्रकात, बंद गाडीच्या डिक्कीत पडून असतो आणि तोही कारखान्यातून भरून निघालेला. इंदूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीत तर त्याच्या कितीतरी पुढे जातो. त्यामुळे ‘नवी’ नळी दुसऱ्याच दिवशी मान टाकते. लोकांना वाटतं नकली निघाली. असेलही नकली, पण अस्सल असती तरी याहून फारसं वेगळं घडलं नसतं.

खणात पडून राहिलेल्या नळीचं दुखणं उलटं. सेन्सरची चिप झोपेतही थोडा प्रवाह घेत असते. ५ मायक्रोॲम्पिअर धरले तरी वर्षाला ४४ मिलिॲम्पिअर-अवर होतात. ३६० च्या सेलमध्ये दहा टक्के उरलेले असतील तर ते ३६. म्हणजे वर्ष संपायच्या आत सेल शून्यावर, आणि अडीच व्होल्टच्या बराच खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. ते पुन्हा चार्ज करताना भलत्याच जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. म्हणून वर्षभर पडून असलेली कोणतीही सीलबंद स्वस्त वस्तू, नळी असो की मुलाचं खेळणं, ‘बघू चालते का’ म्हणून रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये.

तिसरा बिघाड या नळीचा खास. बोळ्यातला द्रव गरमीने पातळ होतो, झिरपत तळाला येतो आणि सेन्सरच्या पडद्यावर बसतो. सेन्सरला वाटतं कोणीतरी झुरका घेतंय. खिशातली नळी आपोआप तापायला लागते. चिप आठ-दहा सेकंदांनी प्रवाह तोडते खरी, पण पडदा ओलाच असल्याने पुन्हा जोडते.

कायद्याकडे वळू. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात देशभर बंद झाली. पहिल्यांदा सापडला तर वर्षभरापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अध्यादेश निघाला तेव्हा ज्यांच्याकडे माल होता त्यांनी तो स्वतःहून जाहीर करून जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावा, अशी तरतूदही होती. म्हणजे व्यापाऱ्याच्या साठ्याचा विचार झाला. वापरून झालेल्या एका नळीचा झाला नाही.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले. त्यांचं तत्त्व चांगलं आहे: ज्याने बॅटरी बाजारात आणली त्यानेच ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची. पण बंदी घातलेल्या मालाला कायद्याच्या लेखी उत्पादकच नाही. नोंदणी नाही, भारतीय मानक ब्युरोचा शिक्का नाही, परत गोळा करायचं उद्दिष्ट कोणाला देणार? बंदीमुळे मालक गायब झाला आणि बॅटरी मागे राहिली. ती आपसूक निगमच्या गळ्यात पडते. ट्रान्सफर स्टेशनवर कॉम्पॅक्टर सुका कचरा दाबतो तेव्हा सेलच्या आतला विभाजक पडदा, जो केसाहूनही पातळ असतो, फाटतो. दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडतात, आतलं द्रावक पेट घेतं आणि भोवती असतो कोरडा कागद आणि पुठ्ठा. दोन वॉट-अवर एवढ्याला पुरतात. ब्रिटनमध्ये कचरागाड्यांत आणि कचरा केंद्रांत बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगी एका वर्षात १,२०० च्या वर मोजल्या गेल्या.

मला जे म्हणायचंय ते इथे येतं. या वस्तूचा गुन्हा निकोटिनचा आहे तसाच ‘उघडत नाही’ हाही आहे, आणि हा दुसरा गुन्हा पूर्ण कायदेशीर वस्तूही राजरोस करतात. बॅटरी बाहेर काढता येत नसेल तर दुरुस्ती होत नाही, छाटणी होत नाही आणि चूक सुधारायची वाटही बंद होते.

जुनं उदाहरण घ्या. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं की मात्सुशिताने बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात. आपल्याकडे तेव्हा घरोघरी नोकियाचाच फोन. लोकांनी अंगठ्याने मागचं झाकण सरकवलं, बॅटरीवरचा २६ अक्षरी क्रमांक वाचून ती सदोष मालातली आहे का ते ताडून पाहिलं, आणि निघाली तर बॅटरी बदलून घेतली. फोन तोच राहिला. पुढे २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ ची बॅटरी पेटायला लागली. झाकण चिकटवलेलं. २५ लाख अख्खे फोन परत मागवावे लागले आणि शेवटी मॉडेलच गुंडाळलं. सदोष सेल दोन्हीकडे होता. फरक झाकणाचा. बीएल-५सी आजही रेडिओत, स्पीकरमध्ये, साध्या फोनमध्ये चालते आणि इंदूरच्या जेल रोडवरच्या बाजारात मागितली की मिळते. वीस वर्षांनी सुटा भाग मिळणं ही तंत्रज्ञानातली छोटी गोष्ट नव्हे.

किंवा डास मारायची रॅकेट बघा. तिच्याइतकी स्वस्त आणि हेटाळलेली विजेची वस्तू घरात दुसरी नसेल. आत ४ व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी, चार्जर म्हणून एक कपॅसिटर आणि कट-ऑफ नावाला नाही, त्यामुळे रात्रभर लावली की बॅटरी सुकते. डिझाइन म्हणून भिकार. पण तीन-चार स्क्रू काढले की ती उघडते, लाल-काळी तार दिसते आणि पोहे-जलेबीच्या नाश्त्याच्या पैशात नवी बॅटरी बसते. त्यामुळे रॅकेट तीन-तीन पावसाळे काढते. जास्त पैसे मोजून घेतलेले इअरबड दोन वर्षांत खणात जातात, कारण त्यांच्यातला चणाभर सेल गोंदाने बसवलेला.

याला आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. सुटी बॅटरी म्हटलं की नकली बॅटरी आली. बाजारात १८६५० मापाच्या सेलवर ९,९०० छापलेलं मिळतं. खऱ्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास. ओळखायला सराफ्यातला काटा नको, स्वयंपाकघरातला पुरतो: अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि तीसच्या आत भरला तर आत अर्धा पोकळ आहे असं समजावं. असा सेल घरच्या घरी कोणी कशातही घालू शकतो, हा धोका खरा. पण त्यासाठी सगळं चिकटवून टाकायची गरज नाही. दोन स्क्रूचं झाकण, सेलवर संरक्षक पट्टी आणि उलटा न बसणारा दोन पिनांचा सॉकेट एवढं केलं की माणूस सेल बदलू शकतो आणि चुकीचा बसवणं अवघड होतं. पाणी आत जाऊ नये म्हणून चिकटवतो, असंही कंपन्या सांगतात. रबरी कडी नावाची गोष्ट आपल्या प्रेशर कुकरला ठाऊक आहे, त्यांना नसावी याचं नवल वाटतं.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमात हेच आलंय: १८ फेब्रुवारी २०२७ पासून हातात वापरायच्या वस्तूंतली बॅटरी बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी, गरम न करता आणि रसायन न लावता, वापरणाऱ्याला काढता आली पाहिजे. आपल्या नियमांत गोळा करण्यावर भर आहे, उघडण्यावर नाही. क्रम उलटा झालाय. जे उघडत नाही ते गोळा करूनही त्याचं पुढे काय करणार? पुनर्वापर करणाऱ्याला प्रत्येक नळी हाताने सोडवायला लागणारी मजुरी आतल्या धातूच्या किमतीला परवडत नाही.

ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरायच्या नळ्यांच्या विक्रीवर बंदी घातली. निर्मात्यांनी काय केलं? तळाला टाइप-सीचं भोक पाडलं, वरचा द्रवाचा भाग निघेल असा केला आणि जवळजवळ त्याच भावात विकायला काढली. कागदावर ती पुन्हा वापरण्याजोगी झाली आणि लोक मात्र पूर्वीसारखी फेकतात. भोक पाडल्याने वस्तू टिकाऊ होत नाही. तिथली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: नळी विकणाऱ्या दुकानाला जुनी नळी परत घ्यावीच लागते. आपल्याकडे कायदेशीर दुकानच नाही, म्हणून परत घेणारा दुसरा कोणी तरी हवा.

तो निगम असू शकतो. देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा रिचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प चालवणाऱ्या शहराला हे जड नाही. सातवा कप्पा नकोच, सहांचं भान टिकवणंच पुष्कळ आहे. घातक कचऱ्याच्या कप्प्यात झाकणाचा एक पत्र्याचा डबा ठेवावा, तळाला चार-पाच बोटं कोरडी वाळू. सेल असलेली कोणतीही सीलबंद वस्तू त्यात जाईल: इअरबड, वाजणारं ग्रीटिंग कार्ड, नळी. झाकण घट्ट आवळायचं नाही, सेल फुटला तर वायूला वाट हवी. डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही आणि प्रत्येक थरावर वाळूची मूठ टाकायची. ट्रान्सफर स्टेशनवर कॉम्पॅक्टरच्या आधी हा डबा उतरेल आणि अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल.

आणि शहरातल्या भंवरकुआं भागातल्या वसतिगृहांत, कोचिंगच्या जिन्याखाली असाच डबा असावा, वर चार सेंटिमीटरची फट. नाव विचारायचं नाही, कॅमेरा लावायचा नाही. यावर लोक म्हणतील की हे व्यसनाला मान्यता देणं झालं. मला तसं वाटत नाही. २०१९ च्या अध्यादेशानेच व्यापाऱ्याला माल जमा करायची वाट दिली होती. एकोणीस वर्षांच्या पोराला संपलेली नळी टाकायची वाट दिली तर कायद्याचं काही बिघडत नाही. आज तो पकडले जाण्याच्या भीतीने ती खोलीच्या सुक्या कचऱ्यात दडवतो, आणि त्याच्या लपवाछपवीची किंमत मोजतो तो गाडीवरचा कर्मचारी.

घरी अशी एखादी वस्तू सापडलीच, मुलाच्या दप्तरात किंवा भाडेकरूने सोडलेल्या खोलीत, तर आधी रागाने ती वाकवू किंवा ठेचू नये. उघडायचीही नाही. आतला द्रव हाताला लागला तर निकोटिन कातडीतून शोषलं जातं, म्हणून साबण-पाण्याने लगेच धुवावं. मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या प्रमाणात २ मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम निकोटिन असतं आणि चोरट्या मालात ५० चं प्रमाणही सर्रास, म्हणजे लहान मुलाच्या तोंडात जायला नको अशी ही गोष्ट आहे. तोंडाच्या टोकाला आणि तळाच्या भोकाला चिकटपट्टी लावावी. तळ बंद केला की सेन्सरला हवा मिळत नाही आणि ती चुकून सुरू होत नाही. मग पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत उभी खोचून गॅलरीत सावलीला ठेवावी. फुगलेली, गरम किंवा गोडसर वास येणारी वस्तू असेल तर चार्जिंगला लावू नये आणि घरातही ठेवू नये. पेटलीच तर भरपूर पाणी ओतावं. एवढ्या छोट्या सेलला पाण्याने गार करणंच बरोबर, ओलं फडकं गुंडाळणं नव्हे. सकाळी गाडी आली की मदतनिसाच्या हातात वेगळी द्यावी आणि यात बॅटरी आहे असं तोंडाने सांगावं. अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, देऊ नये. तो कवचातल्या ॲल्युमिनियमसाठी हातोडी मारतो, आणि हातोडीखाली पहिला दबतो तो सेल.